पेशंट ‘काही आजार नाही’ म्हणतो, पुढे काय? नव्या डेंटल असिस्टंटच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डेंटल असिस्टंट म्हणून नुकत्याच लागलात, डॉक्टर सांगतात ‘हिस्ट्री घेऊन ठेव, लोकल भरून ठेव’ (म्हणजे आजार-औषधांची माहिती आणि सुन्न करायचं इंजेक्शन), पेशंटला विचारलं की तो ‘काही नाही’ म्हणतो आणि अर्ध्या कामात कळतं की बीपीची गोळी चालू आहे. शुगरवाले, हार्टवाले किंवा गरोदर बाई आली की तुमचे हात थरथरतात, म्हणून सगळ्या आजारांची यादी पाठ करावी का असं विचारताय, आणि पेशंटनेच लपवलं तर खापर कुणावर फुटणार हेही.

यादी पाठ करत बसू नका. मीही असिस्टंट म्हणूनच सुरुवात केली, आता नवीन लागलेल्यांना शिकवते, आणि मला तरी असं दिसतं की नवीन माणूस अडतो तो आजार माहीत नाहीत म्हणून नाही, प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर मिळालं की त्याचं आज या चेअरवर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. निदान करणं, डोस ठरवणं, गोळी बंद-चालू करणं हे डॉक्टरांचं काम आहे, त्यात आपण पडायचंच नाही. बीपी कोण घेतं, सिरिंज कोण भरतं हे सगळीकडे सारखं नसतं, तुमच्या इथला नियम काय आणि तुमच्या डॉक्टरांची पद्धत काय ते आधीच स्पष्ट विचारून घ्या. पण डॉक्टर हातात सुई घेण्याआधी त्यांच्यासमोर खरी माहिती असली पाहिजे, हे काम मात्र पूर्णपणे आपलं.

आता हिस्ट्री. ‘काही आजार आहे का?’ हा प्रश्नच बाद करा. लोकांच्या मनात आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस. गोळीने बीपी नॉर्मल राहतंय म्हणजे मला बीपी नाही, असा त्यांचा सरळ हिशोब असतो, आणि दाताच्या दवाखान्यात हृदयाचं कशाला सांगायचं असंही वाटतं, त्यामुळे त्याला लपवणं म्हणता येत नाही. मी गोळ्यांपासून सुरुवात करते.

‘काका, सकाळी उठल्यावर कुठल्या गोळ्या घेता?’
‘एक बीपीची, आणि एक ती छोटी.’
‘छोटी कशासाठी दिलीय?’
‘रक्त पातळ राहायला. ती स्प्रिंग बसवली ना हृदयात, तेव्हापासून चालू आहे.’

आणि याच काकांनी फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’वर टिक केलेली असते! म्हणून फॉर्म भरून घेतला तरी तो हातात घेऊन पेशंटसोबत एकदा तोंडी वाचायचाच. रोजच्या गोळ्या विचारून झाल्या की आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन वेगळं विचारा, कारण हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधं अशीच असतात आणि रोजची नसल्यामुळे कुणालाच आठवत नाहीत. मग कधी अॅडमिट होता का, ऑपरेशन झालंय का, आधी दात काढला तेव्हा रक्त किती वेळाने थांबलं, दात दुखतोय म्हणून काल-परवापासून मनाने कुठल्या पेनकिलर घेतल्यात आणि किती, दम्याचा पंप वापरता का, आणि आज जेवलात का, सकाळच्या गोळ्या घेतल्या का. शेवटचे दोन तर अपॉइंटमेंट नेहमीची असली तरी, दर वेळी. बाईला गरोदरपणाबद्दल विचारायचं असेल तर वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर नको, आत घेऊन हळू विचारा.

अॅलर्जीचं थोडं सांगते, कारण तिथे बराच घोळ होतो. पेशंट म्हणतो ‘मला सुन्न करायच्या इंजेक्शनची अॅलर्जी आहे’. तेव्हा फाइलवर लाल पेनने ‘अॅलर्जी’ लिहून मोकळं होऊ नका, नेमकं काय झालं होतं ते विचारा. छाती धडधडली, हात कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली असं असेल तर बहुतेक वेळा ते अॅड्रेनालिनमुळे (रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून लोकलमध्ये मिसळतात ते औषध) किंवा भीतीमुळे झालेलं असतं. अंगावर गांध्या उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास घेता येईना असं असेल तर तो वेगळा विषय, तिथे डॉक्टर कामच थांबवतील. १९०५ च्या सुमारास आलेलं प्रोकेन हे सुन्न करायचं औषध वेगळ्या रासायनिक कुळातलं होतं आणि त्याची अॅलर्जी जास्त दिसायची, स्वीडनमध्ये १९४३ साली लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञांनी लिग्नोकेन, म्हणजे आपलं नेहमीचं लोकल, तयार केलं तेव्हापासून वापर त्याच्या कुळाकडे वळला, आणि या कुळाची खरी अॅलर्जी फार क्वचित आढळते. पण अॅड्रेनालिन असलेल्या कार्ट्रिजमध्ये (लोकलच्या तयार भरलेल्या नळीत) ते टिकावं म्हणून सल्फाइट घातलेलं असतं, त्याचा त्रास काहींना होऊ शकतो. त्यामुळे ‘अॅलर्जी नसेल हो तुम्हाला’ असं आपण म्हणायचं नाही, पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहून डॉक्टरांना दाखवायचे.

बीपी घ्यायचं असेल तर पेशंट जिने चढून आला आणि लगेच पट्टा गुंडाळला असं नको. पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर, आणि बोलणं बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त येतं. डायलिसिसचा पेशंट असेल तर ज्या हातात फिश्चुला (डायलिसिससाठी जोडून केलेली रक्तवाहिनी) आहे तो हात सोडून दुसरा घ्या. १८० / ११० किंवा त्याच्या वर आलं तर थोड्या वेळाने परत घ्या आणि तसंच असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, न अडणारं काम बहुतेक जण पुढे ढकलतात. आणि आकडा बघून ‘अरे बापरे’ असा चेहरा करू नका, पेशंट आपल्याच तोंडाकडे बघत असतो, पुढचं रीडिंग अजून दहाने वाढतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, आजारवाले पेशंट. मी कुठलाही आजार ऐकला की चारच गोष्टी स्वतःला विचारते. याचं रक्त थांबेल का? जखम भरेल का, इन्फेक्शन पसरेल का? लोकल किंवा नंतर द्यायच्या औषधांची कशाशी टक्कर होईल का? आणि चेअरवर तासभर आडवं राहणं त्याला झेपेल का? आजार शंभर असू देत, चेअरवर त्याचा त्रास या चारपैकीच कुठून तरी येतो, त्यामुळे अनोळखी नाव आलं तरी किमान डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं.

रक्त पातळ करणारी गोळी घ्या. इथे सगळ्यांना वाटतं की दात काढायचा म्हणजे गोळी बंद. साध्या दात काढण्यासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सहसा बंद करत नाहीत, कारण दातातून येणारं रक्त गॉज दाबून, टाके घालून, स्पंज ठेवून थांबवता येतं, पण स्टेंटमध्ये (काकांची ती हृदयातली ‘स्प्रिंग’) गुठळी झाली तर जीवावर बेततं. म्हणून मला सगळ्यात जास्त धास्ती ‘गोळी चालू आहे’ म्हणणाऱ्याची नसते, ‘दात काढायचाय ना, म्हणून मीच तीन दिवस बंद ठेवलीय’ असं कौतुकाने सांगणाऱ्याची असते. ते ऐकलं की हातातलं काम ठेवून आधी डॉक्टरांना सांगा. वॉरफेरिन किंवा तशी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) कधी केलं ते विचारा, रिपोर्ट शक्यतो २४ तासांतला हवा, नेहमी स्थिर राहत असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालवतात, आणि आकडा ४ च्या खाली असेल तर साधं काम करता येतं असं बरेच डॉक्टर मानतात, काही जण ३.५ लाच थांबतात. रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन या नव्या गोळ्यांचा अंदाज आयएनआरवरून येत नाही, त्यामुळे तिथे गोळीचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला हे लिहा. अशा पेशंटला सकाळची वेळ द्या म्हणजे रक्त थांबलं नाही तर दिवस हातात असतो, आणि ट्रेवर जास्तीचा गॉज, टाक्यांचं सामान आधीच काढून ठेवा. गॉज चावून धरायला सांगितल्यावर तो दर दोन मिनिटांनी काढून बघू नका, असं बजावून सांगायचं काम आपलंच.

शुगरचा पेशंट. लोक वाढलेल्या शुगरला घाबरतात, पण चेअरवर अचानक गोंधळ घालते ती घटलेली शुगर. ‘इंजेक्शन घ्यायचंय म्हणून उपाशी आलो, पण शुगरची गोळी घेतली बरं का’, हे वाक्य ऐकलं की कान टवकारायचे. लोकलसाठी उपाशी राहायची गरज नसते, उलट नेहमीप्रमाणे खाऊन, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळी या असं अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगा. घाम फुटला, हात थरथरायला लागले, माणूस चिडचिड करतोय किंवा बरळतोय असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना हाक मारा, ग्लुकोमीटर आणा. ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीत, गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही. वाढलेली शुगर चेअरवर दिसत नाही, ती नंतर न भरणाऱ्या जखमेत दिसते, म्हणून मोठं काम असेल तर डॉक्टर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) मागतात.

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं असेल, आधी हृदयाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन होऊन गेलेलं असेल किंवा काही ठराविक जन्मजात दोष असतील तर हिरडीतून रक्त येईल अशा कामाआधी अँटिबायोटिक देतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही यादी बरीच कमी केली, आणि पेनिसिलिन चालत नाही त्यांना पूर्वी क्लिंडामायसिन द्यायचे ते २०२१ मध्ये काढून टाकलं, तरी देशादेशांत यात फरक आहेच. मोठ्या माणसाला नेहमीचा डोस म्हणजे २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी, एकदाच. आपण बघायचं ते घड्याळ. पेशंटने गोळी रात्री घेतलीय की वेळेवर, आणि आधीचं काम लांबल्यामुळे तो दीड तास बाहेर बसलाय का, हे डॉक्टरांना आत बसून कळणार नाही.

बाकीचे भरभर सांगते. दम्यावाल्याचा पंप त्याच्या बॅगेत नको, काउंटरवर नजरेसमोर हवा, आणि पेनकिलरने दमा उसळतो का ते विचारा. गरोदर बाईला बिनगरजेचं काम नको, करायचंच तर मधले तीन महिने बरे, आणि पोट मोठं असेल तर सरळ उताणं झोपवलं की पोटाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते आणि चक्कर येते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन डाव्या बाजूला थोडं कलतं ठेवायचं. डायलिसिसवाल्याला डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी बोलवा, त्याच दिवशी शरीरात हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध असतं. फिट येणाऱ्याने आजची गोळी घेतलीय ना एवढं बघा, फिट आलीच तर ट्रे आणि ड्रिल लांब सारा, वेळ बघा, दातात चमचा वगैरे घालायला जाऊ नका. हाडांच्या औषधांचं वर आलंच, त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी कळायला हवं.

लोकलबद्दल. बाटली असो की कार्ट्रिज, भरताना लेबल मोठ्याने वाचायची सवय लावून घ्या, नाव, टक्केवारी, अॅड्रेनालिन आहे की नाही, एक्स्पायरी. अॅड्रेनालिनवालं आणि साधं, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि बरीचशी सारखी दिसतात. भरलेली सिरिंज लेबल न लावता ट्रेवर ठेवायची नाही, शेजारी सलाइनची सिरिंज असेल तर मुळीच नाही.

हिशोब एकदा समजून घ्या, मग कधी विसरणार नाही. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम. १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम. अॅड्रेनालिनसोबत किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत आणि एकूण ५०० पर्यंत अशी मर्यादा देतात, पण लहान मुलांत ४.४ चा आकडा धरणारे खूप आहेत आणि मला तोच बरा वाटतो. १५ किलोचं मूल असेल तर ४.४ गुणिले १५ म्हणजे ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली, दोन कार्ट्रिजसुद्धा नाहीत! मोठ्या पेशंटची सवय असलेला हात तिसऱ्या कार्ट्रिजकडे जाऊ शकतो, म्हणून मुलाचं वजन फाइलवर हवंच आणि किती गेलं ते मोजत राहणं आपल्याकडे. सुन्न करायचा स्प्रेही यात धरा, १० टक्केवाल्या लिग्नोकेनच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम असतं. हृदयाच्या पेशंटमध्ये लिग्नोकेनच्या आधी अॅड्रेनालिनची मर्यादा येते, साधारण ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाखात एक प्रमाण असलेली १.८ मिलीची दोनच कार्ट्रिज, आणि ८० हजारात एक असेल तर दोन भरायच्या आधीच मर्यादा संपते. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर अॅड्रेनालिनने बीपी एकदम चढू शकतं, हे गोळीचं नाव दिसलं की आवर्जून सांगा.

सिरिंज देताना पेशंटच्या डोळ्यांसमोरून नाही, हनुवटीच्या खालून, आणि ‘सुई द्या’ असं बोलायचं नाही, खूण पुरते. दुसरा हात पेशंटच्या हाताजवळ हलकेच ठेवा, लहान मुलं तर झटकन हात वर नेतात. सुई आत गेली की डॉक्टर आधी मागे ओढून रक्त येतंय का बघतात आणि हळू देतात, १ मिलीला साधारण मिनिटभर, तेवढा वेळ पेशंटशी बोलत राहणं हे खरंच कामाचं आहे. झाल्यावर दोन्ही हातांनी टोपण लावायचं नाही, टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुईनेच उचलायचं, सुया टोचण्याचे बरेचसे प्रकार इथेच होतात. पू झालेल्या दाढेत ‘सुन्नच होत नाही’ अशी तक्रार आली तर पेशंट नाटक करत नाहीये, तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो आणि औषध नीट आत शिरत नाही.

आणि इंजेक्शन दिल्यावर पेशंटला एकटं सोडून स्टरलायझर बघायला जायचं नाही. जे काही व्हायचं ते बरेचदा या पहिल्या दहा मिनिटांतच होतं. सगळ्यात जास्त दिसते ती भीतीची चक्कर: चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम, जांभया, ‘मळमळतंय’ म्हणतात. पेशंट पूर्ण बेशुद्ध व्हायची वाट बघू नका, चेअर आडवी करा, पाय वर, तोंडातलं गॉज-कापूस काढा, डॉक्टरांना सांगा. आडवं केल्यावर मिनिटभरात रंग परत यायला लागतो, नाही आला तर चक्कर सोडून दुसरं काही आहे. जिभेवर धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, एकदम बडबड वाढणं हे लोकल जास्त झाल्याचं असू शकतं. अंगावर गांध्या आणि दम लागणं म्हणजे अॅनाफिलॅक्सिस, जीवघेणी अॅलर्जी, त्यात मोठ्या माणसाला मांडीत अॅड्रेनालिन लागतं, हजारात एकवालं, ०.५ मिली, आणि ते देणारे डॉक्टर असले तरी ते कुठल्या खणात आहे आणि एक्स्पायर झालेलं नाहीये हे माहीत असणारी व्यक्ती तुम्ही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी द्यायच्या आधी सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती का हे विचारावं लागतं, एकत्र झाल्या तर बीपी कोसळतं, लाजून चालत नाही. आज उद्यात एकदा रिकाम्या वेळी इमर्जन्सी बॉक्स उघडून सगळं हाताळून बघा, ऑक्सिजनचा सिलिंडर चालू करून बघा.

लहान मूल घरी पाठवताना पालकांना सांगा की ब्लॉक (जबड्याची एक बाजू सुन्न करणारं इंजेक्शन) दिलाय, ओठ दोन-चार तास बधीर राहील, तोवर काही चावायला देऊ नका आणि ओठ चावत बसतोय का बघा. हे राहिलं की दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन ‘इन्फेक्शन झालं’ म्हणत येतात.

राहिलं जबाबदारीचं. कायदा तुमच्या इथला काय ते मी सांगणार नाही, पण व्यवहारात तुम्हाला वाचवतं ते लिहिलेलं. ‘हिस्ट्री नाही’ असं लिहू नका. काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते लिहा, ‘गोळ्या विचारल्या, घेत नाही म्हणाले, अॅलर्जी विचारली, नाही म्हणाले’, तारीख, सही, आणि पेशंटची सही. काही सापडलं तर फाइलवर लिहून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना तोंडी सांगायचं आणि ‘सांगितलं’ हेही लिहायचं. पेशंटसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर ‘डॉक्टर, एक मिनिट फाइल बघता का’ एवढंच वाक्य ठरवून ठेवा आणि त्याचा अर्थ काय ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. गर्दीच्या वेळी काही डॉक्टर चिडतात, चिडू देत, सुई आत जायच्या आधी चिडलेले परवडतात.